पावणेवीस अंश उत्तर, पावणेवीस अंश दक्षिण



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिलो आणि मनात एक गमतीचा विचार आला. ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास पाडली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगाव रुजली. चैत्र-वैशाखाचे दिवस, कामे थोडी हातावेगळी झालेली, संध्याकाळी वारा सुटलेला, मग लोकांनी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, असा त्यामागचा हेतू. पण हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. तेथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांनी आज, ह्याच महिन्यात, अशीच व्याख्यानमाला भरवायची म्हटली तर तिला 'वसंत' हे नाव देता येणार नाही. तेथे हा शरद ऋतू आहे. उन्हाळा नुकताच सरला, हिवाळा पुढे आहे. खराखुरा वसंत साधायचा तर त्यांना आश्विनापर्यंत थांबावे लागेल.

आजचा विषय मला एका शाळकरी मुलाने दिला. वर्गात पृथ्वीचा गोल मांडून मी सांगत होतो की विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस ऋतू उलटे असतात. तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, आपण विषुववृत्ताच्या जितके वर, तितकेच बरोबर खाली एखादे गाव असेल, तर तिथलं हवामान आपल्यासारखंच असणार की! फक्त सहा महिने पुढंमागं." प्रश्न सरळ होता आणि 'हो' म्हणून मोकळे होण्याचा मोह मला झाला. पण उत्तर 'हो' नाही. 'नाही' असेही एका शब्दात म्हणता येत नाही. त्या मुलाला वर्गात जे नीट सांगता आले नाही, ते आज आपल्यापुढे सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम सूर्याचा हिशेब पाहू, कारण तो चोख आहे. बिडकीन हे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पावणेवीस अंशांवर वसलेले आहे. आपण कर्कवृत्ताच्या आत राहतो, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. पहिली खेप १९ मेच्या सुमारास, उत्तरेकडे जाताना, आणि दुसरी २४-२५ जुलैच्या सुमारास, परत फिरताना. त्या दोन दिवशी भर माध्यान्ही उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ह्या दोन तारखांच्या दरम्यान सूर्य माध्यान्ही आपल्या किंचित उत्तरेस असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. जुन्या वाड्यांच्या उत्तरेकडील भिंतीवर जूनमध्ये दुपारचे ऊन येते, हे वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले असेल. आमचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा आणि सर्वांत लहान दिवस १० तास ५५ मिनिटांचा. आता विषुववृत्ताच्या दक्षिणेस पावणेवीस अंशांवर जा. तेथेही दोनदा सूर्य डोक्यावर, तोच १३ तास २० मिनिटांचा दिवस, पण तो डिसेंबरात. इथवर त्या मुलाचे म्हणणे खरे आहे.

एका किरकोळ गोष्टीत मात्र दक्षिणेकडचे लोक आपल्यापेक्षा नशीबवान, किंवा दुर्दैवी म्हणा. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पुरती वर्तुळाकार नाही. जानेवारीच्या आरंभी ती सूर्यापासून १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर असते, जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लक्ष किलोमीटरांवर. म्हणजे दक्षिणेचा उन्हाळा असतो तेव्हा सूर्य पन्नास लक्ष किलोमीटर जवळ असतो आणि पृथ्वीला मिळणारी उष्णता जुलैच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी जास्त असते. मग दक्षिण गोलार्ध अधिक तापावयास हवा! प्रत्यक्षात उलटे आहे. वर्षाची सरासरी काढली तर उत्तर गोलार्धच एक-दीड अंशाने अधिक उष्ण भरतो. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. सूर्यापासून दूर असताना पृथ्वी सावकाश चालते, म्हणून आपला वसंत-ग्रीष्माचा अर्धा भाग सुमारे १८६ दिवसांचा आणि त्यांचा १७९ दिवसांचा. सागरी प्रवाहही विषुववृत्त ओलांडून उष्णता उत्तरेकडे आणतात. आणि उन्हाळा-हिवाळ्यांतील अंतराचे म्हणाल, तर त्याचे मुख्य कारण जमीन आणि पाणी यांच्या वाटणीत आहे. उत्तर गोलार्धाचा सुमारे ३९ टक्के भाग जमिनीचा, दक्षिण गोलार्धाचा अवघा १९ टक्के. पाणी तापायला माती-खडकापेक्षा वजनामागे चार-पाच पट उष्णता लागते, आणि तीही खोलवर मिसळून जाते. चुलीवर रिकामा तवा आणि भरलेले पातेले शेजारी ठेवा. आच सारखीच, पण तव्याला बोट लावता येणार नाही, पातेले मात्र बराच वेळ कोमट राहील. आपण तव्यावर राहतो.

आता वीस अंश दक्षिणेवरून पृथ्वीला एक दोरी गुंडाळली आहे असे समजू आणि तिच्यावरील काही गावे पाहू.

पश्चिमेकडून आरंभ केला तर दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर चिली देशातील इकीके हे बंदर लागते. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षामागून वर्षे कोरडी जातात. समोर अथांग समुद्र आणि मागे अटाकामाचे वाळवंट. कारण किनाऱ्यालगत दक्षिणेकडून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्या गार पाण्यावरची हवा जड होऊन खालीच बसते, वर चढत नाही, आणि हवा वर चढल्यावाचून पाऊस नाही. धुके मात्र भरपूर. उन्हाळ्यातही तेथे पारा पंचविशीच्या फारसा पुढे जात नाही. बिडकीनचे आणि इकीकेचे अक्षांश जवळपास सारखे, परंतु ह्या दोघांच्या हवामानात सूर्याच्या वेळापत्रकावाचून काहीही समान नाही.

त्याच खंडात पूर्वेकडे ब्राझीलमध्ये उबेराबा नावाचे शहर आहे. त्याचे अक्षांश दक्षिणेस १९ अंश ४५ मिनिटे, म्हणजे बिडकीनचे जणू आरशातले प्रतिबिंब. उंची आठशे मीटरांच्या आसपास, पाऊस दीड हजार मिलिमीटरांहून अधिक, तोही ऑक्टोबर ते मार्च, आणि जून-जुलै कोरडे. ह्या गावाचा उल्लेख मी आवर्जून करतो, कारण तेथील कुरणांत आपली गुरे चरतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंत ब्राझीलच्या पशुपालकांनी हिंदुस्थानातून गीर, कांकरेज आणि ओंगोल जातीची जनावरे बोटींनी नेली. युरोपातली गुरे तेथील उन्हाने आणि गोचिडांनी हैराण होत. वशिंड असलेली आपली जनावरे मात्र तेथे घरच्यासारखी राहिली. आज ब्राझीलच्या गोधनाचा फार मोठा भाग भारतीय वंशाचा आहे आणि उबेराबा ही त्या व्यवसायाची राजधानी मानली जाते. पशुपालकांना भूगोलाचा सिद्धान्त कोणी शिकवला नव्हता. समान उन्हात वाढलेले जनावर समान उन्हात टिकेल, एवढे त्यांनी ओळखले.

ऑस्ट्रेलियाकडे वळू. तेथे वीस अंशांवर किनाऱ्याला बोवेन नावाचे गाव आहे, आणि त्या गावाच्या नावाने तेथला आंबा प्रसिद्ध आहे. आपल्याकडून घोड्यांच्या व्यापाराच्या जहाजांतून त्याची मूळ कोय तिकडे गेली असे मानले जाते. आपला केशर मे-जूनमध्ये उतरतो. बोवेनचा आंबा नाताळच्या आगेमागे. कोय इथली असली तरी झाडाने कॅलेंडर तिथले घेतले! किनाऱ्यापासून आत गेलात की माउंट आयझा लागते. तांब्याच्या आणि शिशाच्या खाणींचे गाव, उंची साडेतीनशे मीटर. येथील नोव्हेंबर-डिसेंबर आपल्या एप्रिल-मेची आठवण करून देतो. दुपारचे तापमान सदतीस अंशांच्या घरात, क्षितिजावर धूळ, आणि लोक ढगांची वाट पाहत बसलेले. पाऊस मात्र साडेचारशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षाही तुटपुंजा.

ज्या गावी बिडकीनच्या शेतकऱ्याला सर्वांत कमी परके वाटेल ते गाव आफ्रिकेत आहे. झिम्बाब्वे देशातले हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर, बुलावायो. वीस अंश दक्षिण, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटर उंच पठारावर. पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आमच्या भागात सातशेच्या आसपास. सगळा पाऊस एका हंगामात, नोव्हेंबर ते मार्च. हिवाळा कोरडा, रात्री कडक थंड. तेथील शेतकरी नोव्हेंबरमध्ये आभाळाकडे पाहत मका, ज्वारी, बाजरी पेरतो आणि एप्रिल-मेमध्ये कापणी करतो. दोन पावसांमधला खंड लांबला की त्याच्या पोटात तसाच गोळा येतो. आमच्याकडे पेरणीचा भरवसा मृगावर. ७-८ जूनला सूर्य मृगात शिरला की चाड्यावर मूठ धरण्याची घाई. बुलावायोकरांनी आपले पंचांग घेतले असते तर त्यांनी कोणते नक्षत्र धरले असते? मृगापासून बरोबर सहा महिने मोजले तर ८ डिसेंबरला सूर्य ज्येष्ठा नक्षत्रात असतो. पण तेथील पाऊस सहसा त्याआधी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, लागतो. म्हणून त्यांचा मृग म्हणजे आपले अनुराधा नक्षत्र!

पाऊस थोडा लवकर लागतो, म्हणून बुलावायोचा सर्वांत उष्ण महिना नोव्हेंबर नसून ऑक्टोबर असतो. ही गोष्ट बारकाईने ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडेही सर्वांत उष्ण महिना मे, जून-जुलै नव्हे. वास्तविक २४-२५ जुलैला सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो, परंतु तेव्हा आपले कमाल तापमान तिशीच्या आसपास असते आणि सावली नाहीशी झाली की नाही हे पाहायला ऊनच नसते. उन्हाळा संपतो तो सूर्य ढळल्यामुळे नव्हे, तर पाऊस येऊन भांडण मिटवतो म्हणून. जेथे पाऊस भर उन्हाळ्यात येतो, तेथे उष्णतेचे शिखर पावसाच्या दाराशी असते. हा नियम दोन्ही गोलार्धांना लागू आहे.

मग बुलावायोचा ऑक्टोबर आणि बिडकीनचा मे सारखेच तापतात का? नाही. तेथे ऑक्टोबरात दुपारी सरासरी तीस अंश, येथे मेमध्ये चाळीसच्या आसपास. उंचीमुळे काही फरक पडतो. आपण पाचशे-साडेपाचशे मीटरांवर, ते आठशे मीटर अधिक वर, आणि उंचीच्या दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात, म्हणजे पाच अंश गेले. उरलेल्या पाच अंशांत महिनाभराच्या फरकाचा काही वाटा आहे, पण मोठा वाटा नकाशाचा आहे. बुलावायोच्या दक्षिणेस आफ्रिका निमुळती होत जाते आणि मग अंटार्क्टिकापर्यंत समुद्रच समुद्र. तिकडची गार हवा अधूनमधून पठारावर येऊन जाते. आपल्या उत्तरेस मात्र आशिया पसरला आहे, आणि मध्ये हिमालय आडवा, म्हणून सैबेरियाची थंडीही इकडे येत नाही. राजस्थानपासून विदर्भापर्यंत जमीन अखंड तापत राहते आणि तिची झळ आपल्याला लागते.

आता मॉरिशस. तेथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण तेथे आपली माणसे आहेत. १८३४ पासून हिंदुस्थानातील मजूर कराराने बांधून उसाच्या मळ्यांवर कामासाठी तेथे नेण्यात आले. एकूण साडेचार लाखांवर माणसे गेली. ती ज्या धक्क्यावर उतरत ती पोर्ट लुईमधील जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे आणि कोकणातले मराठी लोक पुष्कळ होते. त्यांच्या वंशजांच्या घरी आज बोलणे बहुधा क्रिओल भाषेत चालते, पण तेथील शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

पोर्ट लुई दक्षिणेस वीस अंश दहा मिनिटांवर आहे. चहूकडे समुद्र. त्या बेटावरील उन्हाळ्याचे सरासरी तापमान सुमारे पावणेपंचवीस अंश आणि हिवाळ्याचे साडेवीस अंशांच्या आत-बाहेर. म्हणजे दोन ऋतूंमध्ये फरक अवघा चार-साडेचार अंशांचा. आमच्याकडे मेच्या दुपारी चाळीस आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बारा, असा संसार. त्यांचे पातेले, आमचा तवा. पाऊस बेटावर सरासरीने दोन हजार मिलिमीटर. फेब्रुवारी-मार्च सर्वांत ओले, ऑक्टोबर सर्वांत कोरडा. वादळे डिसेंबर ते एप्रिल. फेब्रुवारी १९६० मधील 'कॅरोल' चक्रीवादळाने तेथे जो हाहाकार केला त्याची आठवण अद्याप सांगितली जाते. ही वादळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, बंगालच्या उपसागरातील वादळे त्याच्या उलट.

ह्या हवेत आपले सण कसे बसतात पाहा. पंचांग चंद्र-सूर्यावर चालते, ढगांवर नव्हे. म्हणून मॉरिशसमधला मराठी माणूस संक्रांत साजरी करतो ती ऐन उन्हाळ्यात. अंगात उष्णता यावी म्हणून आपण तीळ-गूळ खातो, तेथे कपाळावरचा घाम पुसत तो वाटावा लागतो. 'उत्तरायण' म्हणजे सूर्य जवळ येणे, हा आपला अर्थ. त्यांच्यासाठी तेच उत्तरायण म्हणजे सूर्य निघून जाणे. महाशिवरात्र पावसावाऱ्याची. पाडवा येतो तो पावसाळा ओसरताना. श्रावण थंड. भाद्रपदात आपण चिखल तुडवीत गणपती आणतो. तिकडे तो हिवाळ्याच्या अखेरीस, उघडिपीच्या दिवसांत येतो. खरे सांगायचे तर विसर्जनाला तो काळ आपल्यापेक्षा सोयीचा! पण हे सारे सण ज्या शेतीभोवती गुंफले गेले ती शेती तेथे वेगळ्या महिन्यांत चालते. आषाढात आपल्या दिंड्या पंढरीच्या वाटेवर असतात तेव्हा मॉरिशसमध्ये उसाची तोडणी नुकतीच जोर धरत असते, आणि ती डिसेंबरपर्यंत चालते. आपल्याकडे तोडणीचे कोयते बाहेर पडतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. ऊस दोन्हीकडे थंड, कोरड्या हवेत गोड होतो. तो पंचांग पाहत नाही. माणसाने मात्र पंचांग सोडले नाही. यात कोणी शहाणे आणि कोणी वेडे असे मला वाटत नाही. परदेशी गेलेल्या माणसाला पिकाचे घड्याळ निमूटपणे बदलावे लागते. निदान देवाचे घड्याळ गावाकडचे राहावे, एवढीच त्याची इच्छा असणार.

झाडे यापेक्षा मोकळ्या मनाची. आपल्या रस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये फुलणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणजे मॉरिशसच्या शेजारचा. तिकडे तो नोव्हेंबर-डिसेंबरात पेटतो आणि मॉरिशसच्या लोकांना त्याच्या फुलांवरून नाताळ जवळ आल्याचे कळते. आपल्याकडे येऊन त्याने सहा महिन्यांची पलटी घेतली आणि वैशाखाचे झाड होऊन बसला.

इथपर्यंतच्या गोष्टींवरून असे वाटेल की हे दोन गोलार्ध म्हणजे दोन शेजारची घरे. रचना थोडी निराळी, पण ज्याचा त्याचा संसार वेगळा. ही समजूत चुकीची आहे आणि ती दूर व्हावी ह्यासाठीच मी हा विषय घेतला. आपला पाऊस त्यांच्या हिवाळ्यातून येतो.

जून ते सप्टेंबर हा मॉरिशसचा हिवाळा. त्या बेटाच्या दक्षिणेस, तीस अंशांच्या आसपास, त्या दिवसांत गार आणि जड हवेचा मोठा डोंगरच साचलेला असतो. मॉरिशस, रियुनियन इत्यादी मास्करीन बेटांवरून त्याला मास्करीन उच्चदाब म्हणतात. ह्या डोंगरावरून वारे उताराला लागतात, ते आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत ते विषुववृत्त ओलांडतात. दक्षिण गोलार्धात वारा डावीकडे वळत असतो, उत्तरेत आल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तोच उजवीकडे वळू लागतो, आणि आग्नेयेचा वारा नैर्ऋत्येचा होतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर हा प्रवाह जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीच्या आसपास केवढ्या वेगाने वाहतो हे जॉन फिंडलेटर यांनी १९६९ साली दाखवून दिले. पुढे तो अरबी समुद्रावरून सह्याद्रीवर येऊन आदळतो. इकडे तापलेल्या आशियावर हवा विरळ होऊन वर चढत असते. ती त्याला ओढते, तिकडचा उच्चदाब त्याला ढकलतो. सह्याद्री बहुतेक पाणी स्वतःकडे ठेवून घेतो, उरलेसुरले आपल्या वाट्याला. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रेही आपल्याला हातभार लावतात. पण मूळ प्रवाहाचा उगम विषुववृत्तापलीकडे आहे. नाथसागरात जे पाणी साठते त्यात अरबी समुद्राबरोबर दक्षिण हिंदी महासागरातूनही वाफ होऊन आलेले पाणी आहे. आपल्या हिवाळ्यात हा व्यवहार उलटतो. आशियाकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस जातात, आणि त्यांच्या भेटीच्या पट्ट्यात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागावर आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागावर पाऊस पडतो.

हे नाते ओळखले गेले ते दुष्काळामुळे. आपली भारतीय हवामानखाते ही संस्था १८७५ साली स्थापन झाली, म्हणजे योगायोगाने वसंत व्याख्यानमालेच्याच वर्षी. लगेच १८७६-७८ चा महादुष्काळ आला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड निरनिराळ्या देशांतील वेधशाळांकडून आकडे मागवू लागले. ऑस्ट्रेलियातील चार्ल्स टॉड यांनी १८८८ मध्ये नमूद केले की हिंदुस्थानात पाऊस हुकतो त्या वर्षी बहुधा ऑस्ट्रेलियातही दुष्काळ असतो. त्यानंतर १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. हा गृहस्थ मूळचा गणिती. त्याने जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात वीस वर्षे घालवली. पावसाच्या अंदाजासाठी त्याने जी परिमाणे निवडली त्यांत हिमालयावरील बर्फ होते, दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब होता आणि मॉरिशसमधील हवेचा दाबही होता. पॅसिफिक महासागर आणि हिंदी महासागर यांवरील दाब तराजूच्या पारड्यांसारखे वरखाली होतात असे त्याला आढळले, आणि ह्या हेलकाव्याला त्याने 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. त्याच्या हयातीत पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. याकोब बियर्कनेस यांनी १९६९ साली पॅसिफिकचे पाणी तापण्याच्या घटनेशी, म्हणजे एल निनोशी, त्याची सांगड घातली तेव्हा वॉकरच्या आकड्यांमागची यंत्रणा दिसू लागली.

आता आपल्या घरच्या आठवणी काढू. १९७२ चा दुष्काळ येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी भोगला आहे. मुंगी-पैठणच्या वाटेवर खडी फोडणारी माणसे, सुकडीचे वाटप, आणि पैठणला धरणाचे चालू असलेले काम. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये कोनशिला बसवलेले ते धरण १९७६ मध्ये पुरे व्हायचे होते. ते वर्ष एल निनोचे होते. आपल्याकडचे मृग-आर्द्रा कोरडे गेले आणि पुढे १९७२-७३ च्या उन्हाळ्यात बुलावायोच्या पठारावरही पाऊस हुकला. २०१५ मध्ये तेच. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात सुमारे ४० टक्के तूट पडली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. आणि त्याच हंगामात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, झिम्बाब्वेच्या सरकारने दुष्काळामुळे आपत्ती जाहीर केली. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्या एप्रिलमध्ये झिम्बाब्वेने पुन्हा आपत्ती जाहीर केली. ऋतू उलटे, पण संकट एकाच ओळीत उभे. आधी आपले दार ठोठावते, मग सहा महिन्यांनी त्यांचे.

यात पक्का नियम मात्र शोधू नये. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी होता, तरी त्या वर्षी देशाचा पाऊस साधारण सरासरीइतका झाला. म्हणून एल निनोचे नाव वर्तमानपत्रात वाचले की पेरणी सोडून देणे हा वेडेपणा. पण बियाणे कोणते घ्यावे, सगळे रान कपाशीखाली घालावे की थोडी बाजरी-तूर ठेवावी, विहिरीचे पाणी मार्चपर्यंत पुरवायचे कसे, हे ठरवताना ती बातमी उपयोगाची आहे. आता आपल्याकडे औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, पुष्कळांच्या जमिनी तिच्यात गेल्या. परंतु कारखान्याचे पाणीही त्याच नाथसागरातून यायचे, आणि नाथसागर भरायचा तो त्याच वाऱ्यांनी.

वर्गातल्या त्या मुलाला मी अखेर एक काम सांगितले. तेच आपल्यालाही सांगतो, कारण दिवस जवळ आला आहे. येत्या १९ मेच्या सुमारास अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. दुपारी बाराच्या पुढे पाच-पाच मिनिटांनी तिची सावली पाहत राहा. १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास ती काठीच्या बुडाशी गोळा होऊन नाहीशी होईल. त्याच दिवशी पोर्ट लुईच्या एखाद्या अंगणात तेवढीच काठी रोवली, तर तेथील माध्यान्ही तिची सावली दक्षिणेकडे सुमारे ८४ सेंटिमीटर लांब पडलेली असेल. मग नोव्हेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत काठी जपून ठेवा. त्या दिवशी सावली तेथे नाहीशी होईल आणि बिडकीनला तीच ८४ सेंटिमीटरांची सावली उत्तरेकडे पडेल. त्या मुलाने काठी आणि मोजपट्टी दोन्ही आणून ठेवली आहेत. मेमध्ये आभाळ स्वच्छ असते, म्हणून पहिली खेप बहुधा साधेल. जुलैची खेप त्याने वहीत लिहून ठेवली आहे खरी, पण त्या दिवशी सावली दिसू नये, ढग दिसावेत, असेच त्याच्या वडिलांना वाटते.